पायथॉनची सुकाणू समिती आणि मेहकरचा नगराध्यक्ष

पायथॉन या संगणकीय भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी 12 जुलै 2018 रोजी नेतृत्व सोडले. ‘पीईपी 572’ या प्रस्तावावरून झालेला कडवट वाद हे त्याचे कारण. वारस त्यांनी नेमला नाही. दरवर्षी जुलैत त्या प्रसंगाचा विषय निघतो आणि भाषेला पुन्हा एकच खंबीर प्रमुख हवा, असे कोणीतरी म्हणतेच. ही मागणी चुकीची आहे.

रॉसम यांच्यानंतर गाभ्याच्या विकासकांपुढे, म्हणजे भाषेचा मूळ कोड सांभाळणाऱ्यांपुढे, कारभाराचे सात आराखडे आले. एकच प्रमुख नेमण्याचा पर्यायही त्यांत होता. डिसेंबर 2018 मध्ये त्यांनी मतदानाने पाच जणांची सुकाणू समिती पसंत केली. प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर तिची निवडणूक होते, एकाच कंपनीतले दोनपेक्षा जास्त सदस्य तिच्यात बसू शकत नाहीत आणि घटना बदलायला दोन-तृतीयांश मते लागतात. 2019 च्या पहिल्या समितीत रॉसमही होते, पाचांपैकी एक म्हणून.

या स्तंभाचा जुना आग्रह असा, की नियम पाळणाऱ्यांनीच तो ठरवावा. मेहकर नगरपरिषदेच्या नगराध्यक्षपदाकडे पाहिले की त्याचे महत्त्व कळते. 2016 मध्ये राज्यात नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत आली, 2020 मध्ये ती निवड नगरसेवकांकडे गेली आणि 2022 मध्ये पुन्हा जनतेकडे आली. दोन्ही पद्धतींच्या बाजूने सांगण्यासारखे आहे. थेट निवडीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातले बहुमत दुसऱ्याचे, असा पेच पडतो; नगरसेवकांतून निवड झाली की फोडाफोडीला वाव मिळतो. खरे दुखणे वेगळेच आहे. प्रत्येक बदल राज्यातल्या सत्तांतरामागोमाग आला, मेहकरच्या मतदाराचा कौल कधी घेतला गेला नाही, आणि कोणतीच पद्धत मुरू शकली नाही.

पायथॉनमध्येही उणीव आहे. मेहकरमध्ये बसून ही भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे मत नाही. पण काम करून दाखवले आणि विद्यमान विकासकांची दोन-तृतीयांश मते मिळवली, तर गाभ्याच्या गटात प्रवेश मिळतो. हे दार मराठी विद्यार्थ्यांनी ठोठावलेच पाहिजे.

समिती मोठे निर्णय घेऊ शकेल का, या शंकेचे उत्तरही मिळाले आहे. एकाच प्रोग्रॅममधल्या अनेक धाग्यांना (थ्रेड्सना) खऱ्या अर्थाने एकाच वेळी चालू न देणारे पायथॉनमधले कुलूप ऐच्छिक करणारा ‘पीईपी 703’ हा प्रस्ताव तिने 2023 मध्ये स्वीकारला. बदल टप्प्याटप्प्याने व्हावा आणि नुकसान दिसले तर मागे घेता यावा, ही अट घातली. 2024 च्या 3.13 आवृत्तीत तो प्रायोगिक होता, 2025 च्या 3.14 मध्ये त्याला अधिकृत आधार मिळाला. इतका खोल बदल पाच जणांच्या समितीने मार्गी लावला; त्यासाठी एकछत्री प्रमुखाची गरज पडली नाही.