धनुर्वात होऊन गेला तरी लस हवीच

एकदा रोग होऊन गेला की पुन्हा तो माणसाला शिवत नाही, असे आपल्या घरांतून नेहमी ऐकू येते. गोवराच्या बाबतीत ते खरे आहे. धनुर्वाताच्या बाबतीत मात्र खरे नाही आणि या समजुतीवर विसंबणारा माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालतो. आमच्या वस्तीतले बिगारीकाम करणारे एक गृहस्थ पायात खिळा घुसून धनुर्वाताने आजारी पडले. तीन आठवडे इस्पितळात काढून वाचले. घरी सोडताना डॉक्टरांनी लस टोचून घेण्याची चिठ्ठी दिली. तेव्हा त्यांच्या पत्नीने आम्हाला विचारले, "भाऊ, आजार तर भोगून झाला. आता पुन्हा सुई कशाला?"

प्रश्न रास्त आहे. आम्ही काही डॉक्टर नव्हे, कारकुनी करणारे माणूस. पण वाचून आणि जाणकारांना विचारून जे समजले, ते या वेळी वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात, तशा पांढऱ्या पेशीही असतात. पांढऱ्या पेशींत एक जात आहे, तिला बी पेशी म्हणतात. रोगाशी लढणारे प्रतिपिंड याच पेशी तयार करतात. हा शोध लागला तो कोंबड्यांमुळे. पक्ष्यांच्या शेपटीखाली आतल्या बाजूला एक लहानशी पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी ही पिशवी कशासाठी असते ते शोधत होता. त्याने काही पिल्लांची पिशवी काढून टाकली होती. पुढे त्याच्या एका सहकाऱ्याने त्यांतल्याच कोंबड्या दुसऱ्या कामासाठी घेतल्या, त्यांना जंतू टोचले आणि पाहिले तर त्यांच्या रक्तात प्रतिपिंडच नाहीत! १९५६ साली हे संशोधन कोंबडीपालनाच्या एका नियतकालिकात छापून आले. बर्सावरूनच पुढे बी पेशी हे नाव रूढ झाले. माणसाला ही पिशवी नसते. आपल्या बी पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, जन्म घेतात.

या पेशींची एक गंमत आहे. प्रत्येक बी पेशीच्या अंगावर एकाच ठरावीक आकाराचा प्रतिपिंड असतो. कुलपाला जशी एकच किल्ली लागते, तसा तो एकाच आकाराच्या वस्तूला चिकटतो. जगात रोगजंतू असंख्य आहेत. मग इतक्या किल्ल्या शरीर आणते कुठून? जपानचे शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी याचे उत्तर शोधले आणि १९८७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बी पेशी घडताना तिच्यातील जनुकांचे तुकडे पत्ते पिसावेत तसे निरनिराळ्या प्रकारे जुळतात. त्यामुळे थोड्या जनुकांतून कोट्यवधी तऱ्हेचे प्रतिपिंड बनू शकतात. रोग येण्याआधीच किल्ल्या तयार असतात, फक्त त्या कुलपांशी पडताळून पाहायच्या राहतात.

पण जन्मलेली प्रत्येक बी पेशी टिकत नाही. जी आपल्याच शरीराच्या अवयवांना चिकटू पाहते, तिला अस्थिमज्जेतच बाद केले जाते किंवा बदलण्याची संधी मिळते. ज्या बाहेर पडतात, त्यांनाही जगण्यासाठी शरीराकडून सतत इशारा मिळावा लागतो. बहुतेक पेशींची आपल्या जंतूशी गाठच पडत नाही आणि त्या थोड्या दिवसांत मरून जातात.

गाठ पडली तर काय होते? पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्याला ठाऊक आहे. ते अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. तिथे बी पेशींची शाळाच भरलेली असते. जंतूच्या तुकड्याला जी पेशी चिकटली, तिला टी पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी मदत करतात. मग ती भराभर वाढू लागते. एकीच्या दोन, दोनांच्या चार. वाढताना त्यांच्या प्रतिपिंडात बारीक फरक पडत जातो. जिची पकड अधिक घट्ट, ती टिकते. जिची सैल, ती मरते. ही निवड काही आठवडे चालते आणि शेवटी दोन प्रकारच्या पेशी उरतात. पहिल्या प्लाझ्मा पेशी. या प्रतिपिंडाचे कारखानेच आहेत. एकेक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंड रक्तात सोडते. दुसऱ्या स्मृतिपेशी. या काही बनवत नाहीत, नुसत्या वाट पाहतात. तोच जंतू पुन्हा आला की त्या नव्या पेशींपेक्षा फार लवकर कामाला लागतात.

रक्तातले बहुतेक प्रतिपिंड सुमारे तीन आठवड्यांत निम्मे होतात. तरीही संरक्षण वर्षानुवर्षे टिकते, कारण काही प्लाझ्मा पेशी परत अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि आजूबाजूच्या पेशींच्या आधारावर दीर्घकाळ जगून प्रतिपिंड पुरवत राहतात. हे किती काळ चालते? उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर १७८१ साली गोवराची साथ आली होती. त्यानंतर तिथे गोवर आलाच नाही. १८४६ साली पुन्हा आला तेव्हा हजारो लोक आजारी पडले. पण ज्या म्हाताऱ्यांना १७८१ मध्ये गोवर होऊन गेला होता, त्यांच्यापैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही, अशी नोंद डेन्मार्कचे डॉक्टर पानुम यांनी केली. पासष्ट वर्षे शरीराने आठवण ठेवली!

मग धनुर्वाताची आठवण शरीर का ठेवत नाही? याचे कारण त्या रोगाच्या स्वभावात आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजाणूंच्या रूपाने पडून असतात. लोक गंजाला दोष देतात, पण दोष गंजाचा नसून खिळ्यावरच्या मातीचा असतो. खोल जखमेत हवा पोचत नाही, तिथे हे जंतू वाढतात आणि विष सोडतात. ते विष नसांतून मज्जारज्जूकडे जाते. दातखीळ बसते, अंग धनुष्यासारखे वाकते. हे विष इतके जहाल आहे की माणूस मरायला अगदी अत्यल्प मात्रा पुरते. ती मात्रा जीव घेण्याइतकी असते, पण बी पेशींना धडा शिकवण्याइतकी नसते. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसाच्या रक्तातही पुरेसे प्रतिपिंड तयार होत नाहीत. आजार भोगला, पण शरीर काही शिकले नाही. त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

लस हे काम करते. लशीत तेच विष रसायनाने निकामी करून घातलेले असते. त्याने इजा होत नाही, पण त्याचा आकार तोच राहतो. त्यामुळे बी पेशींना ते मोठ्या प्रमाणात दाखवता येते. एका मात्रेत मात्र धडा पक्का होत नाही. पहिल्या मात्रेने थोड्या पेशी तयार होतात. काही आठवड्यांनी दुसरी मात्रा मिळाली की त्यांतल्या घट्ट पकडीच्या पेशी आणखी वाढतात. तिसरीने आणखी. दोन मात्रांमधले अंतर हे उगीच ठेवलेले नाही. ग्रंथीतली निवड पुरी व्हायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

आणि तरीही ही आठवण गोवरासारखी जन्मभर टिकत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले, की गोवराच्या प्रतिपिंडांचे प्रमाण निम्म्यावर यायला २०० वर्षांहून अधिक काळ लागावा, तर धनुर्वाताच्या प्रतिपिंडांना सुमारे ११ वर्षे पुरतात. म्हणून धनुर्वाताची लस पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटा, १६ ते २४ महिन्यांत आणि पुन्हा ५-६ व्या वर्षी डीपीटी, मग १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी, असे सरकारी वेळापत्रक आहे. हे सगळे सरकारी केंद्रात मोफत मिळते. पूर्वीच्या टीटीची जागा आता टीडीने घेतली असून तीत घटसर्पापासूनही संरक्षण आहे.

जखम झाल्यावर धावत जाऊन एक सुई घेतली म्हणजे झाले, असेही अनेकांना वाटते. ज्याने पूर्वी सर्व मात्रा घेतल्या आहेत, त्याला तेवढे पुरते, कारण त्याच्या स्मृतिपेशी जाग्या होतात. पण ज्याने कधीच लस घेतलेली नाही, त्याच्या बी पेशींना पहिला धडा शिकायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि धनुर्वात तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही उमटू शकतो. विष एकदा नसांत शिरले की प्रतिपिंड त्याचे काही करू शकत नाहीत. अशा माणसाची जखम घाण असेल तर डॉक्टर लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचे दुसरे इंजेक्शनही देतात. ही तयार प्रतिपिंडांची कल्पना १८९० साली बर्लिनमध्ये निघाली. एमिल फॉन बेरिंग आणि जपानचे शिबासाबुरो किताझातो यांनी दाखवले, की धनुर्वाताविरुद्ध तयार केलेल्या सशाचे रक्त टोचले तर उंदीर वाचतात. पुढे १९०१ साली वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक एकट्या बेरिंग यांना मिळाले. किताझातो त्यातून वगळले गेले. सापाच्या विषावरचे इंजेक्शनही याच तत्त्वावर घोड्यांच्या रक्तातून बनते. मात्र उसने प्रतिपिंड थोड्याच काळात संपतात. स्वतःच्या बी पेशींनी शिकलेलेच खरे.

उसनवारीचे एक सुंदर उदाहरण आईचे आहे. गरोदर बाईने टीडी घेतली की तिचे प्रतिपिंड वारेतून बाळाकडे जातात. नाळ कापताना जंतू शिरले तरी ते बाळाला राखतात. पूर्वी कितीतरी तान्ही बाळे आठव्या-दहाव्या दिवशी दूध ओढायची थांबत आणि जात. लोक त्याला दृष्ट किंवा बाहेरची बाधा म्हणत. तो धनुर्वात होता. गरोदरपणातील लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे भारतातून माता-बालकांचा धनुर्वात निर्मूलनाच्या पातळीवर आल्याचे २०१५ साली जाहीर झाले. बाळंतिणींची जात झाली, पण माती तीच आहे.

आता कोणाला धोका आहे? आमच्या मते पुरुष मंडळींना. बाया गरोदरपणात लस घेतात. मुलांना शाळेत मिळते. पण गवंडी, बिगारी, सफाई कामगार, भंगार वेचणारे, शेतमजूर यांनी विशीनंतर कधी लस घेतली, हे विचारले तर बहुतेक जण मान हलवतात. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही. म्हणून शेजाऱ्याने लस घेतल्याने आपले रक्षण होत नाही. इथे ज्याचे त्यानेच पाहायचे.

साधारण नियम असा आहे: सर्व मात्रा झाल्या असतील तर दहा वर्षांनी एक घ्यावी. घाण, खोल जखम असेल आणि शेवटची मात्रा पाच वर्षांपूर्वीची असेल तर लगेच घ्यावी. त्याआधीची ताजी मात्रा असेल तर प्रत्येक ओरखड्याला सुई घेण्याची गरज नाही. जखम साबण-पाण्याने स्वच्छ धुवावी; माती, शेण, तंबाखू तिला लावू नये. कधीच लस घेतली नसेल तर वय कितीही असो, डॉक्टरांना सांगून पहिल्यापासून सुरू करावी.

या रविवारी घरातल्या प्रत्येकाची शेवटची मात्रा कधीची, ते कागदावर लिहा आणि तो कागद रेशनकार्डाबरोबर ठेवा. तारीख आठवत नसेल तर तिथे रेघ मारा. ज्याच्या नावापुढे रेघ, तो सोमवारी दवाखान्यात.