वर्गात संगणक आला, पुढे काय?

दिवाळीच्या खरेदीची यादी करायला घरोघरची मंडळी बसतात, तेव्हा हल्ली कापडचोपड आणि फराळाच्या सामानाबरोबर आणखी एक वस्तू हळूच यादीत शिरते. मुलासाठी टॅब, आणि ऐपत असली तर लॅपटॉप. "अभ्यासासाठीच हवा आहे!" असे चिरंजीव सांगतात, मातोश्रींना ते पटते, आणि वडील मुकाट्याने हप्त्यांचा हिशेब करू लागतात. शाळांचेही तसेच. प्रवेशाच्या माहितीपत्रकात ग्रंथालयाचा उल्लेख एका ओळीत उरकतो, पण 'डिजिटल वर्ग' हे शब्द कसे ठळक अक्षरांत असतात!

हा खर्च करावा की नाही, ते ज्याने त्याने आपल्या खिशाला विचारावे. आपण आज पाहू या ती गोष्ट निराळी आहे. वर्गात संगणक आला म्हणजे मुलाच्या वृत्तीत काय फरक पडतो, आणि त्याच्या पदरात विद्या किती पडते? गोडी लागली की विद्या आपोआप येते असे आपण धरून चालतो. खरेच तसे होते का?

या प्रश्नाचे उत्तर शहरात नीट मिळत नाही. शहरातल्या मुलाला यंत्राने काही शिकवले नाही, तर आई शिकवते, शिकवणीचे मास्तर शिकवतात; मग गुण मिळाले ते कोणामुळे, हे कळायचे कसे? म्हणून आपण नंदुरबार जिल्ह्याकडे वळू. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या शिरगणतीत राज्याची साक्षरता 82 टक्क्यांच्या वर होती. नंदुरबारची सुमारे 64. लोकवस्तीत शंभरात 69 आदिवासी. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली सातपुड्यातली कित्येक मुले अशी, की ज्यांच्या घरात शाळेची पायरी चढणारी तीच पहिली. तेथे जे काही शिकायचे ते शाळेतच.

संगणकाला मात्र हा जिल्हा अपरिचित नाही. 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे टिपून यंत्राने तेथल्या माणसांना ओळखले. आता तेथल्या मुलांनी यंत्राला ओळखावयाचे आहे, आणि ते काम अधिक अवघड आहे.

का अवघड, ते पाहा. पहिलीत आलेल्या मुलाची घरची बोली पावरी, भिली किंवा मावची. पुस्तकातली मराठी त्याला जवळजवळ परकी. गुरुजींनी प्रश्न विचारला की तो खाली मान घालून बसतो. उत्तर येत नाही असे नाही. चुकीचा शब्द तोंडून गेला तर वर्ग हसेल, ही धास्ती असते. अशा मुलापुढे संगणक ठेवला तर तो पुढे सरकतो. यंत्र रागावत नाही, हसत नाही, दहा वेळा चुकले तरी अकराव्यांदा तितक्याच शांतपणे विचारते. चुकण्याची भीती गेली की मूल धीट होते. संगणकाने वृत्तीत होणारा हा पालट अगदी खरा आहे, आणि त्याची किंमत कमी लेखू नये.

पण धीटपणा आला म्हणजे भागाकार आला, असे नव्हे.

नंदुरबारला लागून गुजरातची सीमा आहे. त्या राज्यातल्या दोन प्रयोगांनी या बाबतीत चांगला उजेड पाडला आहे. पहिला बडोद्याचा. सन 2000 मध्ये तेथल्या नगरपालिकेच्या शाळांना सरकारने प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी पाहिले तो लहान मुलांचा हात त्यांना क्वचितच लागलेला! मग 'प्रथम' या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी योजना आखली. आठवड्यातून दोन तास, एका यंत्रावर दोन मुले, आणि गणिताचे खेळ. ज्या मुलाला जितके येते तेथूनच त्याची सुरुवात. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी (यांच्या मातोश्री निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर), एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी परीक्षा घेऊन मोजमाप केले. गणितात मुले चांगलीच पुढे गेली. भाषेत मात्र फरक दिसला नाही, आणि योजना थांबल्यावर वर्षभरात गणितातली कमाईही बरीचशी ओसरली. व्यायामासारखेच हे, तालीम सुटली की दंड उतरतात.

दुसरा प्रयोग 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांतला. येथे एका गटाला रोजच्या शिकवण्याच्या वेळातच यंत्रापुढे बसवले, आणि दुसऱ्या गटाला शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून. गणिताचे सॉफ्टवेअर तेच. शिक्षकाचा वेळ काढून ज्यांना यंत्र दिले, ती मुले इतरांहून मागे पडली. ज्यांना शिक्षक होताच आणि यंत्र वरकड मिळाले, ती पुढे गेली. त्यातही कच्ची मुले अधिक. जेवणाबरोबर लोणचे दिले तर घास गोड लागतो. जेवणाऐवजी लोणचे दिले तर मूल उपाशी राहते.

नुसते यंत्र हाती दिले तर काय होते, तेही पाहून झाले आहे. शंभर डॉलरच्या लॅपटॉपचा एके काळी मोठा गाजावाजा होता. 2007 मध्ये आपल्या कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्याच्या लहानशा शाळेतही ते हिरवे-पांढरे यंत्र आले होते. दूरच्या पेरू देशाने तर ते लाखांनी घेतले. तेथल्या 319 खेडेगावच्या शाळांची पाहणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. कोडी सोडवण्यात मुले थोडी तरबेज झाली होती, पण गणितात आणि भाषेत काही फरक नव्हता. प्रत्येक यंत्रात 200 पुस्तके भरून दिली होती. तरी वाचनाची सवय होती तेवढीच राहिली. घागर नळाखाली नेली, पण तोटी कोणी उघडायची हे ठरलेच नव्हते.

या साऱ्यातून निघते ते एवढेच, की संगणक मुलाला दारापर्यंत आणतो. आत नेण्याचे काम माणसाचे. मूल नेमके कोठे अडले हे ज्याला कळते, त्याच्या हाती यंत्र दिले तर ते सोने होते.

सातपुड्यात तर या यंत्राकडून फार मोठे काम करून घेता येईल. मराठीतली तयार गाणी दाखवण्यापुरते ते का ठेवावे? आजीची पावरी गोष्ट मुलाने त्यावर ध्वनिमुद्रित करावी, गुरुजींच्या मदतीने ती देवनागरीत उतरवावी, आणि शेजारी तिची मराठी लिहावी. मग घरची बोली ही लपवण्याची वस्तू राहणार नाही, आणि मराठी परकी वाटणार नाही. बडोद्याच्या खेळांना भाषेत जे साधले नाही, ते अशा रीतीने साधण्याचा संभव अधिक, असे मला वाटते. त्यासाठी महागडा पडदा लागत नाही. मुलाची बोली समजणारा, निदान ती ऐकून घेणारा शिक्षक लागतो.

आणि शहरातल्या पालकांनी काय करावे? पुढच्या पालकसभेत 'संगणक किती?' हे विचारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. यंत्र शिक्षकाच्या जोडीला आहे की जागी? सर्व मुलांना एकच धडा मिळतो, की ज्याच्या त्याच्या पायरीप्रमाणे? आणि मूल पडद्यावर जे शिकले ते पडदा मिटल्यावर कागदावर करून दाखवते का?

तिसऱ्या प्रश्नाची परीक्षा तर घरीच घेता येईल. फराळाच्या ताटाशी चिरंजीवांना सहज विचारावे, "आज पडद्यावर काय शिकलास, ते मला समजावून सांग बरे." सांगता आले, तर हप्ते सत्कारणी लागले म्हणावयाचे. नाही आले, तर ताट बाजूला सारून दहा मिनिटे त्याच्याशेजारी बसावे. त्या दहा मिनिटांना हप्ते पडत नाहीत.