घंटेला माणूस लागतो

आमच्या गावात मारुतीच्या आरतीला आता यंत्र आहे. बटण दाबलं की मोटार फिरते आणि नगारा, झांज, घंटा सगळं एकदमच बडवलं जातं. लाइट गेली की टिपरू हवेतच अडकतं. शेजारी पितळी घंटा टांगलेली आहे, पण तिच्याकडे कुणाचा हात जात नाही. यंत्र काढा म्हणालो, तर मंदिर कमिटीतला एकजण म्हणाला, “मास्तर, वाजवायला माणसं कुठायत? निम्मं गाव फडावर.”

त्याचं खोटं नाही. मी केज तालुक्यातला. मुकादमाची उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात, त्या उन्हाळ्यातच परततात.

मी एसटीत कंडक्टर होतो. एक घंटी दिली की गाडी थांबणार, दोन दिल्या की निघणार, सगळा जन्म त्या दोरीवर गेला. निवृत्तीनंतर आम्ही चार कंडक्टरांनी शनिवार-रविवार धरून घंटा पाहायला सहल काढली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्याचं तिकीट माफ, बाकीच्यांचं अर्धं. घरचे म्हणाले, अजून हौस फिटली नाही का?

पुण्यात पंचहौद मिशनचं पवित्र नाम देवालय पाहिलं. 1890 मध्ये टिळक-रानडे जिथं चहाला गेले आणि त्यावरून पुढे ग्रामण्य झालं, ते हेच मिशन. मनोऱ्यात आठ घंटा आहेत, इंग्लंडातल्या टेलर कंपनीनं ओतलेल्या. प्रत्येक घंटेला चाक, चाकाला दोर आणि दोराला एक माणूस, अशी ही रीत. एकट्या माणसाचं हे कामच नव्हे. इंग्लंडात दर फेरीला घंटांचा क्रम बदलत वाजवतात. सात घंटांचे 5040 क्रम होतात, ते सगळे वाजवायला तीनेक तास लागतात. कुणी कागद समोर धरत नाही, सगळं तोंडपाठ. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी गट करून परगावचे मनोरे वाजवत हिंडतात. त्यांतले कित्येक एरवी चर्चची पायरीही चढत नाहीत.

माणसं त्यांच्याकडेही कमी पडली. पहिल्या महायुद्धात तिथले सुमारे 1400 घंटावादक मारले गेले. 2018 मध्ये युद्धसमाप्तीची शंभरी आली, तेव्हा तितकेच नवे वादक तयार करायची मोहीम त्यांनी काढली. आले त्याहून जास्त. मला यातली देवभक्ती ठाऊक नाही, पण माणसं कमी पडली म्हणून मोटार बसवण्याऐवजी ते माणसं शोधायला निघाले, एवढं कळतं.

रविवारी वाईजवळ मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट, आणि तिथं देवळाशेजारी टांगलेली पोर्तुगिजांची घंटा. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतली. अंगावर बाळ येशूला घेतलेली मरियम स्पष्ट दिसते. नाशिकची नारोशंकराची घंटाही वसईचीच. चर्चची घंटा देवळात आली, तिचा धर्म कुणी विचारला नाही. वाजवणारा हात तेवढा लागला.

तो हात आमच्या गावात आहे. टोळ्या गेल्या तरी म्हातारे उरतात, आजीजवळ ठेवलेली पोरं उरतात. संध्याकाळी ही पोरं पारावर मोबाइलवर मान खाली घालून बसतात. बोलावलं तर धावत येतील. त्यांत पोरीही आहेत. दोर त्यांच्या हाती द्यायला कमिटीतल्या काहींची कुरकुर होईल, तरी द्यावाच.

चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीला, बरंचसं गाव परत आलेलं असतं. त्या दिवशी यंत्र खांबावरून उतरवा आणि एका वहीत पाळ्या लावा. सोमवार माझ्या नावावर टाका.