होडीची विजेची मोटार घेतांना

भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि इंदापूर, करमाळा, दौंड, माढा या तालुक्यांतील पुष्कळ चांगली जमीन पाण्याखालीं गेली. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां त्या बुडीत गटांचे उतारे आम्हीं किती वेळां लिहून दिले असतील याची गणती नाहीं. त्याच पाण्यावर कोणती मोटार चालवावी, हें निवृत्तीनंतर लिहावें लागेल असें मात्र तेव्हां स्वप्नांतही आलें नव्हतें. परंतु फुगवट्याच्या कांठीं ज्यांची थोडीफार जमीन वर राहिली, अशा कित्येक खातेदारांच्या दारीं आज होडी आहे. कोणाची परवान्यानें मासळी धरण्यासाठीं, तर कोणाची पैलतीरच्या तुकड्यावर जाण्यासाठीं.

अशा होडीस मागें अडकवावयाची लहान विजेची मोटार आतां सहज मिळते. धूर नाहीं, आवाज नाहीं, पेट्रोलचा खर्च नाहीं. तेव्हां तिचा मोह पडणें साहजिक आहे. मूळची ही वस्तु अमेरिकेची. १९३४ सालीं नॉर्थ डाकोटा प्रांतांतील फार्गो येथें श्मिट नामक गृहस्थानें ती तयार केली, ती तळ्यांत गळ टाकून संथपणें फिरणाऱ्या मासेमारांसाठीं. हें मूळ विसरूं नये. हळू व मुकाट्यानें चालणें हा तिचा धर्म आहे. माणसें भरून रुंद पाणी ओलांडणें हा नव्हे.

आमचें मत असें कीं, ही खरेदी मोटारीपासून नव्हे, बॅटरीपासून सुरू करावी. आम्हीं स्वतः नेमकें उलट केलें. दुकानदारानें पंचावन्न पौंड रेट्याची मोटार दाखविली, आम्हीं आंकडा पाहून पैसे मोजले आणि घरच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिला जोडली. जातांना होडी डौलानें गेली. परततांना समोरून वारा सुटला, पंखा मंदावला आणि कांठापासून अर्ध्या किलोमीटरवर थांबला. वल्हीं आम्हीं घरीं ठेवलीं होतीं! अंधार पडेपर्यंत जाळ्याच्या बांबूनें पाणी ढकलीत आम्ही कसेबसे कांठास लागलों. घरीं काय ऐकावें लागलें तें येथें लिहीत नाहीं.

दोष मोटारीचा नव्हता. ट्रॅक्टरची बॅटरी क्षणभर मोठा झटका देऊन इंजिन सुरू करण्यासाठीं असते. तिच्या पट्ट्या पातळ असतात व ती वारंवार रिकामी केली कीं लवकर मरते. होडीस जाड पट्ट्यांची, सावकाश रिकामी होणारी बॅटरी पाहिजे. घरच्या इन्व्हर्टरची नळीदार बॅटरी त्याच जातीची. आतां हिशेब पाहा. पंचावन्न पौंडांची मोटार पूर्ण वेगानें सुमारें ५० अँपिअर वीज ओढते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर दोन तास पुरेल. पण शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करूं नये, म्हणून हातीं उरतो जेमतेम एक तास, आणि त्यांतच परत यावयाचें असतें! अर्ध्या वेगानें चालविल्यास मात्र वीज निम्म्याहून पुष्कळ कमी लागते. लिथियमची बॅटरी वजनानें निम्म्याहून हलकी व जवळजवळ सबंध वापरतां येण्याजोगी असते. किंमत अर्थातच जड.

रेट्याचा अंदाज असा : भरलेल्या होडीच्या वजनाच्या शेंकडा दोन इतका रेटा किमान हवा. होडी अडीचशें किलो, दोन माणसें दीडशें, बॅटरी, जाळें व मासळी मिळून दीडशें, म्हणजे एकूण साडेपांचशें. त्यास अकरा किलो, म्हणजे सुमारें पंचवीस पौंड रेटा पुरे. पण उजनीसारख्या उघड्या पाण्यावर वाऱ्यासाठीं आम्ही दुप्पट धरूं. त्याहून मोठी मोटार घेतल्यानें होडी घोड्यासारखी धांवेल ही आशा व्यर्थ. लहान होडीचा वेग एका मर्यादेपुढें जात नाहीं, वीज मात्र जाते.

वेगाचा खटका पायऱ्यांचा असेल तर स्वस्त पडतो, पण कमी वेगावरही त्यांत वीज उष्णतेंत वाया जाते. सलग वेग बदलणारी मोटार थोडी महाग असली तरी घ्यावी. दांडा इतका लांब असावा कीं पंखा पाण्याखालीं वीतभर तरी राहील. जलपर्णी व जाळ्याचे धागे पंख्यांत गुंतले तर मोटार जळूं शकते, म्हणून बॅटरीजवळ योग्य फ्यूज बसवावाच. तारा जाड घ्याव्या. त्यांत काटकसर करणारे पुष्कळ भेटतात.

वाऱ्याविषयीं आम्ही पुनःपुन्हा कां लिहितों? २१ मे २०२४ रोजीं करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यांत उलटली व सहा जीव गेले. ती कशावर चालत होती हा प्रश्न येथें नाहीं. हें पाणी तळें नव्हे, एवढेंच सांगावयाचें आहे. मासळीसाठीं कांठाकांठानें फिरावयास ही मोटार उत्तम आहे. मजूर, बायकामुलें व खताचीं पोतीं घेऊन पैलतीरास जाण्यास ती कोणी विकत घेत असेल, तर आम्ही त्यास हात जोडून नको म्हणूं. आणि कोठेंही जातांना प्रत्येकाच्या अंगांत तरंगतें जाकीट व होडींत दोन वल्हीं हवींत.

आमची मोटार आतां पुतण्याकडे आहे. त्यानें इन्व्हर्टरच्या जातीची बॅटरी घेतली, रात्रीं घरच्या विजेवर तो ती भरतो आणि पहाटे जाळीं काढून उजाडतां परत येतो. पलीकडच्या शेतावर मजूर न्यावयाचे असले म्हणजे मात्र तो रस्त्यानें वळसा घालून जातो.