काम काय करतोस, हे कुणी विचारायचं?

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायला उभे राहा. नाव विचारतात, वय विचारतात, पत्ता विचारतात. आत डॉक्टर विचारतो, दारू पितोस? बिडी ओढतोस? तंबाखू खातोस? पोटासाठी काय काम करतोस, किती वर्षं करतोस, हे क्वचित कुणी विचारतं. म्हणून आपली माणसं कशानं मेली याचं कागदावरचं उत्तर ठरलेलं. व्यसनानं. नाहीतर टीबीनं. नाहीतर नशिबानं.

हे उत्तर खोटं आहे, दोस्तांनो. आपली माणसं कामानं मरतात.

आणि हे शहाण्यांना माहीत नव्हतं असंही नाही. इटलीतल्या मोडेना गावात रामाझिनी नावाचा डॉक्टर होता. त्याच्या घरच्या संडासाचा हौद उपसायला एक माणूस आला. बिचारा जीव तोडून घाई करत होता. एवढी घाई कशाला, असं डॉक्टरनं विचारलं. तो म्हणाला, चार तासांवर इथं राहिलं तर डोळे जातात. डॉक्टर हादरला. १७०० साली त्यानं कामकऱ्यांच्या रोगांवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि डॉक्टर लोकांना बजावलं, रोग्याला त्याचा धंदा विचारा. म्हणजे या शास्त्राला पहिला धडा दिला तो मैला उपसणाऱ्यानं. ग्रंथावर नाव मात्र डॉक्टरचं. त्याला सव्वातीनशे वर्षं झाली. ज्या देशात हौदात कुणी उतरायचं हे जन्माआधी ठरतं, त्या देशातल्या केसपेपरवर तो प्रश्न अजून पोचलेला नाही.

आता आपले काही लाल मित्र म्हणतील, भांडवलशाहीत सगळेच कामगार मरतात, यात जात कशाला आणता? आम्ही आणत नाही. ती आधीच येऊन बसलेली आहे. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं होतं की जात नुसती कामं वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांच्या डोक्यावर रचते. आपण त्यापुढं एवढंच म्हणू, की जात रोगही वाटते.

मुंबईच्या गिरण्याच घ्या. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त. तिथं अस्पृश्याला मज्जाव. कारण? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. महाराचं तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण तोंड कसा लावणार! म्हणून आपल्या लोकांनी कमी पगारावर रिंग खात्यात सडायचं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न रेटला तेव्हा कामगारांच्या पुढाऱ्यांना तो नको होता. गंमत बघा. याच तोंडानं ओढायच्या धोट्यातून क्षय पसरतो या भीतीनं अमेरिकेतल्या मॅसाच्युसेट्स राज्यानं १९११ साली त्यावर बंदी घातली होती. तिकडं धोट्यावर जंतू दिसले. इकडं विटाळ दिसला. धोटा बदला असं म्हणण्याऐवजी माणूस हाकला असं म्हटलं गेलं. विटाळ पाळणाऱ्याची छातीही त्यातून वाचली नाही, हे त्याला कळलंच नाही.

आणि कापसाची धूळ? ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये ती सर्वांत जास्त. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पाळीला गेलं की छाती आवळून येते, दुसऱ्या दिवसापासून जरा बरं वाटतं. काही वर्षांनी छाती रोजच आवळते. मग जिना चढवत नाही. याला बिसिनोसिस म्हणतात. चाळीत याला दमा म्हणत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढं गिरण्या गेल्या, जमिनीवर टॉवर उठले. धूळ मात्र म्हातारा छातीत घेऊन गेला.

दगडाचं बघा. खाणीत, खडी क्रशरवर सिलिकाची धूळ उडते. दिसते ती धूळ मारत नाही, न दिसणारी मारते. इतकी बारीक, की थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथं व्रण धरतो. याला औषध नाही. काम सोडलं तरी रोग वाढत राहतो. अशा फुप्फुसाला टीबीही लवकर धरतो. मग डॉक्टर टीबी लिहितो, गोळ्या देतो, माणूस मरतो आणि मालक सुटतो. कारण टीबी जंतूंनी होतो आणि सिलिकोसिस मालकाच्या धुळीनं होतो. एका शब्दाच्या फरकानं खुनाचं दुर्दैव होतं. गुजरातेत गोधऱ्याकडच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत अलिराजपूर-झाबुआचे आदिवासी असेच संपले. २३८ मेलेल्यांच्या वारसांना तीन-तीन लाख द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली सांगावं लागलं. तेही का झालं? कारण कुणीतरी पाड्यापाड्यावर जाऊन नावं लिहिली.

बायांचं दुखणं तर दुखण्यातच धरत नाहीत. बीडची ऊसतोडणी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एका दिवसाचा खाडा झाला की मुकादम उचलीतून दंड कापतो. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, डोक्यावर मोळी. पाळीची सुट्टी म्हणजे खाडाच. मग डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाक. २०१९ साली सरकारनंच पाहणी केली तेव्हा एकट्या बीड जिल्ह्यात १३ हजारांवर ऊसतोड बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कोयत्यानं बोट तुटलं तर त्याला अपघात म्हणतात. कोयत्यासाठी गर्भाशय काढलं तर त्याला काय म्हणायचं?

आता गटार. कुजक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड. वाईट एवढंच, की वायू वाढला की नाक बधिर होतं आणि वासच येत नाही. आत उतरलेल्याला वाटतं, गेला वायू. दोन मिनिटांत तो पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तो पडतो. मग तिसरा. म्हणून बातमीत प्रेतं जोडीनं, तिघांनी येतात. पुढं ठेकेदार म्हणतो, प्यायलेला होता. अरे, शुद्धीत कोण उतरेल त्या घाणीत?

२०१३ चा कायदा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं मृताला १० लाख ठरवले, २०२३ साली ३० लाख केले. घ्यायचे, सोडायचे नाहीत. पण नीट बघा. गटारात मेला त्याची निदान बातमी होते. गटारानं मेला त्याची मोजणीसुद्धा होत नाही. लेप्टोनं, टीबीनं, सडलेल्या त्वचेनं, फुटलेल्या फुप्फुसानं खाटेवर चाळिशीत गेलेला माणूस कुठल्या यादीत आहे?

यावर साहेब लोकांचा इलाज ठरलेला. हातमोजे वाटा, मास्क वाटा, फोटो काढा. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषानं वीसावर शेतकरी-शेतमजूर गेले तेव्हाही हेच ऐकवलं, किट घातलं नाही म्हणून मेले. विष कुणी विकलं, रोजावर फवारायला कुणी लावलं, हे मागे पडलं. मास्क हवाच. पण जिथं जिवंत माणूस उतरूच नये तिथं मास्क लावून उतरवणं म्हणजे सुरक्षा नव्हे.

दुसरे आपलेच लोक म्हणतात, घाणीचं काम सोडा. सोडा म्हणणं सोपं आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळं सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. घरात तेवढा एकच पक्का पगार. बाप छातीनं जातो आणि पदवी घेतलेल्या पोराच्या हातात कितीदा तोच झाडू येतो. त्या पोराला दोष देणाऱ्याची आम्हाला चीड येते. नोकरीचा वारसा मागायचाच. पण बापाच्या जिवाच्या बदल्यात मिळणारी नोकरी बापाच्याच खड्ड्यातली का? ऑफिसातली का नाही?

तर करायचं काय? रोग दहा-वीस वर्षांनी वर येतो आणि ठेकेदार दरवर्षी बदलतो. हजेरी कार्ड नाही, मस्टरवर नाव नाही, मग पुरावा कुठला? ॲस्बेस्टॉस खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं जपा, असं कारखान्यांना बजावलं. म्हणजे नोंद हेच हत्यार आहे. मालक ती ठेवणार नाही. ठेकेदार तर नाहीच नाही.

म्हणून आपण ठेवायची. प्रत्येक वस्तीत एक जाड वही. माणसाचं नाव, काम, किती वर्षं, कुणाच्या हाताखाली, काय दुखतं, दवाखान्यानं काय लिहिलं. मेला असेल तर कधी आणि कितव्या वर्षी. बायांची पानं बायांनीच भरायची. एक्स-रे फेकायचे नाहीत. म्हाताऱ्याबरोबर दवाखान्यात जायचं आणि केसपेपरवर त्याचं काम डॉक्टरला लिहायला लावायचं. नाही म्हणाला तर लिहीपर्यंत हलायचं नाही.

जयंतीला डीजेसाठी वर्गणी काढता, त्यातून शंभर रुपयांची वही येते. कविता लिहा, मोर्चे काढा, पण आधी ही वही भरा. कोण कुणाच्या कामानं मेलं याचा हिशेब आपल्या हातात आला, की नशीब, दारू आणि टीबी यांच्या मागं लपलेली माणसं आपोआप उघडी पडतील.