नोझल धुतले का?

जोहे गावच्या गणपती कारखान्यात काम थांबले की रंगारी आधी स्प्रेगनचे नोझल धुतो. रात्रभर रंग राहिला तर सकाळी गन बंद. असेच बारीक तोंडाचे एक यंत्र आपल्या रायगड जिल्ह्यात, खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातही आहे. त्याला सेल सॉर्टर म्हणतात. खारट द्रवाच्या धारेतून पेशी एकामागून एक लेसरसमोरून जातात, धारेचे थेंब होतात, आणि हव्या त्या पेशीचा थेंब विद्युतभार देऊन वेगळ्या नळीत वळवला जातो. नोझलचे भोक ७० किंवा १०० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीएवढे.

नुसती मोजणी असेल तर पेशी नंतर फेकून देतात. इथे त्या जिवंत हव्या असतात, पुढे वाढवायच्या असतात. नळीत चार जीवाणू शिरले तर दोन दिवसांत सगळे गढूळ. अस्थिमज्जेचा नमुना एखाद्या लेकराचा असेल, तर पुन्हा सुई टोचायला त्याच्या आईला कोणत्या तोंडाने सांगणार? (विटाळ मानण्यावर असतो, हे दूषण मात्र ताटलीत वाढवून दाखवता येते.)

दोष बहुधा पाण्याच्या वाटेत असतो. टाकीच्या कडेला धरतो तसा बुळबुळीत थर नळीत आतून धरतो. म्हणून द्रव ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून घेतात. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असे मिश्रण नळ्यांतून फिरवतात, मग निर्जंतुक पाण्याने खळखळून धुतात, कारण ब्लीच पोलादालाही खाते. त्यानंतर ७० टक्के अल्कोहोल. दोन्ही एकत्र कधीच नाही. विषारी वाफ होते. पातळ केलेल्या ब्लीचचा जोर लवकर उतरतो, ते रोज ताजे लागते. शेवटी धारेचे थोडे द्रव पोषक द्रावणात ठेवून काही दिवस पाहतात. नितळ राहिले तर यंत्र स्वच्छ.

हे सगळे रजिस्टरात लिहायचे असते, आणि रजिस्टर कसे भरतात हे आम्हां कारकुनांना कोणी शिकवू नये. शनिवारी एकाच पेनने आठवड्याच्या सह्या! कचेरीत फार तर साहेबांचा शेरा येतो. इथे नमुना जातो.

आपल्या भागातली मुलेमुली बी. एस्सी., डी. एम. एल. टी. करून अशा नोकऱ्यांना अर्ज करतात. ब्लीच कधी बनवले, असे मुलाखतीत विचारले तर उत्तर एकच: आज सकाळी.