तक्रारपत्राचा खरा वाचक

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विषय अधूनमधून निघतोच. कुणाचं डिपॉझिट घरमालकाने अडकवलेलं असतं, कुणाला विजेचं भलतंच बिल आलेलं असतं, कुणाचं विमान रद्द होऊन पैसे परत मिळालेले नसतात. मग दहा जण हळहळतात, दोघं ‘आमचंही असंच झालं’ म्हणतात आणि शेवटी एखादा अनुभवी सल्ला देतो, ‘जाऊ दे रे, परक्या देशात कशाला लफड्यात पडतोस?’ विषय तिथेच संपतो. ज्याने पैसे अडकवले, त्याच्यापर्यंत यातलं एक अक्षरही पोचत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्याला तक्रार करता येते, पण तक्रार लिहिता येत नाही. आणि याचा इंग्रजीशी काही संबंध नाही. ऑफिसात दिवसभर इंग्रजीत ईमेल लिहिणारी माणसंही इथे अडतात.

तसं तक्रारपत्र आपण सगळेच शाळेत शिकलो. ‘प्रति’, ‘विषय’, ‘महोदय’ आणि शेवटी ‘आपला विश्वासू’. परिसरातल्या कचऱ्याबद्दल नगरपालिकेला, खराब पुस्तकं पाठवल्याबद्दल दुकानदाराला. मायना चुकला की गुण जायचे. पण त्या पत्राला उत्तरच आलं नाही तर पुढे काय करायचं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी शिकवलंही नाही. त्यामुळे आपल्याकडे तक्रारीचे दोनच सूर उरले. एक, ‘कृपया लक्ष घालावे ही नम्र विनंती’. दुसरा, मोठ्या अक्षरांतला चार पानी संताप. पहिल्यात समोरच्याला दया यावी अशी अपेक्षा असते, दुसऱ्यात त्याला लाज वाटावी अशी. दोन्ही पत्रं समोरच्या माणसाच्या मनावर विसंबून असतात, आणि गफलत होते ती इथेच. तक्रारपत्र ज्याच्या नावाने लिहायचं, तो त्याचा खरा वाचक नसतोच. खरा वाचक असतो तिसरा माणूस. उद्या वाद पुढे गेला, तर निवाड्यासाठी ते कागद ज्याच्यासमोर जातील तो.

डिपॉझिटचंच उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये २००७ पासून नेहमीच्या खाजगी भाडेकराराचं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. आता त्यासाठी त्याला ३० दिवसांची मुदत असते. घर सोडताना वाद झाला, तर या योजनांमार्फत फुकटात निवाडा होऊ शकतो. निवाडा करणारा घर बघायला येत नाही, कुणाला समोर बोलावत नाही, फक्त कागद वाचतो. पैसे का कापायचे, हे सिद्ध करायची जबाबदारी घरमालकाची असते. रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घर सोडलं, तेव्हा एजंटने आमच्या १,४०० पौंडांतून ५२० कापायचं ठरवलं. कारण काय, तर गालिच्यावरचा डाग आणि साफसफाई. तीनदा फोन झाले. दर वेळी नवा माणूस आणि नवं कारण. बायको म्हणाली, ‘फोनवर काय बोललास याचा कागद कुठाय?’ त्या रात्री एक पानाचं पत्र लिहिलं. घर कधी घेतलं, कधी सोडलं. घर ताब्यात घेतानाच्या यादीत तो डाग कुठल्या पानावर नोंदवलेला आहे. सोडतानाचे फोटो सोबत जोडले. मागणी एकच, ५२० पौंड परत. मुदत १४ दिवस, नाहीतर वाद योजनेकडे नेणार. ‘अन्याय’, ‘लाजिरवाणं’ असला एकही शब्द नाही.

एजंटने उत्तर दिलं नाही. प्रकरण योजनेकडे गेलं आणि ५२० पैकी ४५० पौंड परत मिळाले. निर्णयात कारण म्हणून त्याच यादीचा आणि त्याच पानाचा उल्लेख होता. एजंटसाठी माझं पत्र म्हणजे रद्दी होती, पण तिसऱ्या माणसासाठी तोच पुरावा ठरला.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना खरं तर हे नवीन नाही. ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढंच लिहिलेलं तिकीट कुणी हातात घेत नाही. काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं, एवढं लिहिलं की ज्याने तो प्रकार पाहिलेला नाही त्यालाही ते कळतं. तक्रारपत्रात फक्त दोन गोष्टी जास्त लागतात : तारीख आणि ‘नाहीतर पुढे काय’.

तारखेचं महत्त्व तर फारच. इथे बँक किंवा विमा कंपनीला बहुतेक तक्रारींवर अंतिम उत्तर देण्यासाठी आठ आठवडे मिळतात. त्यानंतर लोकपालाचं दार उघडतं. भारतातही बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आपल्यापैकी अनेकांची खाती तिकडे असल्यामुळे हे माहीत असलेलं बरं. पण हे दिवस मोजले जातात ते तक्रार पोचल्यापासून. ग्रुपवरच्या संतापाने हे घड्याळ सुरू होत नाही.

राहिली भीती. ‘आपण व्हिसावर आहोत, नोंद झाली तर?’ घरमालकाला किंवा बँकेला सभ्य भाषेत हिशेब विचारण्याचा व्हिसाशी काहीही संबंध नाही. उलट, हा माणूस गप्पच बसणार, या खात्रीवरच अशी कपात केली जाते. आणि आपण सोडून दिलेल्या पैशांची किंमत आपल्यानंतर त्या घरात येणारा नवखा भाडेकरूही मोजतो.

म्हणून महाराष्ट्र मंडळांना एक सुचवावंसं वाटतं. नव्याने आलेल्यांसाठी वाणसामानाची दुकानं कुठे आहेत हे आपण हौसेने सांगतो, तसाच एक तास तक्रारपत्रासाठीही ठेवा. आणि तिकडे पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांना विनंती, नम्रच विनंती, की पत्रलेखनाच्या प्रश्नाखाली एक उपप्रश्न वाढवा : ‘या पत्राला ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढचे पत्र कोणाला लिहाल?’ मायन्याचे गुण थोडे कमी केलेत तरी चालेल.